अजून शिवला न्हाय

तिकडं नगं, पावणं, हितं बाभळीखाली बसा — त्या पानापासनं लांब. माणूस जवळ असलं की कावळा खाली उतरत न्हाय. आक्का, म्हणजे आमची आई, आणि बाकीची माणसं वर देवळापाशी बसल्यात, सकाळपासनं उपाशी. पानाला कावळा शिवल्याबिगर कोण घराकडं हलणार न्हाय. तुमच्या पुण्यात बी असतंय नव्हं हे? व्हय, मग तुम्हास्नी काय सांगायचं.

माझं बोलणं नाकातनं येतंय, समजून घ्या. ओठ जन्मापासनंच असा हाय, फाटका. बघा की, लाजू नका, तुम्ही तर डॉक्टर, दादाच्या हाताखाली शिकलासा — त्याची राख बी तुम्हीच विमानातनं मांडीवर घेऊन आलासा. तिकडं इंग्लंडात त्याला नुसतं सिंग म्हणायची म्हणं? आमचा अमरसिंह — आज्यानं पैलवान हुईल म्हणून ठेवल्यालं नाव, त्याचं निम्मं विमानतळावरच ऱ्हायलं बघा.

प्लास्टिक सर्जन हुणार म्हणाला तवा आक्का रडली हुती. एवढा डॉक्टर होऊन प्लास्टिक कशाला इकतोस म्हणाली. मग त्यानं माझा ओठ दोन बोटांत धरून तिला दाखवला — हे असलं नीट करायचं असतंय, आक्का. तिकडं गेल्यावर त्याला कोण सुरी हातात धरू देत नव्हतं, परत परीक्षा, परत खालच्या पायरीवर, बाकीच्यांच्या सणाला ह्याची ड्युटी — हे सगळं काल तुमच्या तोंडनं कळालं. फोनवर कधी बोलला न्हाय. आमास्नी नुसतं फोटो पाठवायचा. जळल्याली माणसं, माझ्यासारखी पोरं, आधीचं तोंड आणि नंतरचं तोंड. मी दूध घालायला गेलो की डेअरीत सगळ्यास्नी दाखवायचो — हे आमच्या दादानं केलंय. माणसं फोटो बघायची, मग माझ्याकडं बघायची.

माझा का केला न्हाय? इचारणार हे ठावं हुतं मला. म्हणायचा, दुसऱ्या कुणाकडनं करून घे, आपल्या माणसावर हात कापतोय माझा. मी म्हणायचो, तूच कर, न्हायतर ऱ्हाऊ दे. मग म्हणायचा, बरं, यंदा येतो. दरवर्षी यंदा येतो. आणि तिथं ऑपरेशनच्या आधी हात धुता धुता पडला — साबण तसाच हुता म्हणालासा नव्हं हाताला?

आक्का मघाशी म्हणाली, पानाम्होरं उभा ऱ्हा आणि सांग त्याला, ओठ करून घेतो, ह्या पावण्यांकडनं करून घेतो. त्याचा जीव त्यातच अडकलाय, लगीच शिवंल कावळा. मला म्हाईत न्हाय व्हय त्यातच अडकलाय ते? सांगितलं की सुटला तो. गेला. मग मी कुणाची वाट बघायची —

गप. हलू नका. बांधावर उतरलाय बघा. भाकरीकडं बघतोय... हाड! हाड म्हणतो नव्हं.

असं बघू नका माझ्याकडं. व्हय, मीच मारलं ढेकूळ. मघाचं बी मीच मारलं. तुम्ही जावा वर. आक्कानं इचारलं तर सांगा, अजून शिवला न्हाय.