हात नवऱ्यानं धरायचे

ठण्ण! तांब्या भिंतीवर आपटला की असा आवाज यायचा... चाळीस वर्षांपूर्वी, उचगावात, आमच्याच घरात, दर महिन्याला! आणि तांब्यामागून कालथा, कालथ्यामागून पोळपाट, आणि पोळपाटामागून आमची बायको, चिमणाबाई! एकदा तर उकळता तांबडा रस्साच आला, मांडीवर अजून डाग आहे, दाखवत नाही, बायामाणसं बसलीत... आणि मी? मी आपला गप.

पाळीच्या आधीचे चार-पाच दिवस हे असं. पाळी आली की हीच बाई माझ्या मांडीला लोणी लावत रडायची, ‘कसं वो झालं माझ्या हातनं?’ माझी आई म्हणाली, ‘बाहेरचं हाय!’ झालं, नेलं देवऋष्याकडं. त्यानं ओला दोर काढला आणि मला म्हणाला, ‘पावणं, हात नवऱ्यानं धरायचं असत्यात. न्हायतर भूत तुमच्या अंगावर उडी मारंल!’ आणि तुम्हाला सांगतो, मी भुताला भ्यालो हो! धरले हात. सट्ट... सट्ट... एकवीस फटके. शेवटी शेवटी दोराला रक्त लागून येत होतं. ती पाठीमागं बघतच नव्हती, माझ्याकडं बघत होती. आणि मी? मी आपला गप.

त्यानंतर घरात भांडं पडलं नाही. गाव म्हणाला, गुण आला. तीसुद्धा म्हणाली, गुण आला!

आता सून, संयोगिता. गुणाची पोर. पण गेल्या महिन्यात, पाळीच्या आधी, तिनं मिक्सरचं भांडं टीव्हीत घातलं. टीव्हीत! मालिका चालू असताना! तर चिमणाबाईनं काय म्हणावं? अगदी शांतपणे, ‘रविवारी हिलाबी दोर लावून आणूया. मला न्हाय का गुण आला?’

आमच्या गोठ्यात म्हैस लाथा झाडायला लागली तर आम्ही तिला बडवत नाही, आधी सड बघतो... सुजलाय का, दुखतंय का... म्हशीचं एवढं बघणारा मी, बायकोचं काय बघितलं?

म्हणून शुक्रवारी सुनेला घेऊन गुपचूप कोल्हापूर गाठलं. तिथं अनुजा डॉक्टरीणबाई अशा बायकांच्या मेंदूचे फोटो काढून अभ्यास करतात, असं गावातल्या आशाताईनं सांगितलेलं. मशीन कसलं, आडवी विहीरच! आत धातू चालत नाही म्हणून बाईंनी सुनेची जोडवी काढली, मंगळसूत्र काढलं, माझ्या चांदीच्या करदोट्याकडंही बघायला लागल्या, म्हटलं, ‘बाई, मी भाईर बसतो.’ आतून आवाज सुरू... धाड धाड, खट खट, पन्नास लोहार एकदम पिसाळल्यागत! आणि मध्येच बाई ओरडतात, ‘संयोगिताताई, झोपू नका!’ अहो झोपंल नाही तर काय? लग्नाला अकरा वर्षं झाली, ‘काही करू नका, नुसत्या पडून राहा’ असं तिला पहिल्यांदाच कोणीतरी सांगितलं!

मग बाईंनी समजावलं. ‘आजोबा, मेंदूच्या जागा सारख्या एकमेकींशी बोलत असतात. रागाची एक जागा, त्याला लगाम घालणारी दुसरी. पाळीच्या आधी या बायकांच्या मेंदूत त्यांचं बोलणं बिघडतं, आणि पाळी आली की सुधारतं, असं वाटतंय. तेच शोधतोय.’

म्हटलं, ‘ह्ये कागदावर लिवून द्या, म्हातारीला दावतो.’

‘एकीच्या फोटोवरून लिहून देता येत नाही, आजोबा. पुष्कळ जणींचे बघावे लागतात. पण त्रास खरा आहे, आणि त्याला औषध आहे.’

म्हणजे कागद नाही! म्हणजे बोलायचं कोणी? मी!

घरी आलो तर चिमणाबाई देवऋष्याचा शिधा बांधत बसलेली. तांदूळ, नारळ, हळदकुंकू. आणि तुम्हाला सांगतो, जन्मात पहिल्यांदा एका दमात बोललो, ‘तुला भूत न्हवतं. दोरानं गुण आला न्हाय, तू भ्यालीस. आणि तुझं हात मी धरलं हुतं. चुकलं माझं.’

तिनं माझ्याकडं बघितलं. गाठोडं सोडलं. तांदूळ परत डब्यात ओतले, नारळ सुनेपुढं ठेवला, चटणीला. पुन्हा बघितलं. आता तुम्हीच सांगा, पाळी आली की हा राग उतरतो, हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. पण चाळीस वर्षं मुरलेला कधी उतरतो, ते विचारायचं राहिलंच की... तोवर ती उठली, पदर सावरला, आणि तीच फटक्यांची पाठ माझ्याकडं करून निघून गेली.