नाशिकला गेलेला माणूस

नाही, मला सांगा, यात माझा काय गुन्हा? कचेरीत मी उमेदवार, म्हणजे कायमची जागा मिळेस्तोवर फुकट कागद खरडायचे! जागा द्यायची की नाही ते शिरस्तेदार राघोपंतांच्या हातात, आणि जागा नाही तोवर आमची गोदा तिकडे पनवेलला माहेरी. त्यात राघोपंतांना कल्याणात वाचनमंडळी काढायची हुक्की आली! दर रविवारी त्यांच्या ओटीवर जमायचं, मासिक पुस्तकातली एक गोष्ट मोठ्यानं वाचायची, वर चर्चा करायची. "उमेदवार, गोष्ट तुम्ही निवडा." झालं! निवडा म्हणे गोष्ट!

तुम्हांला वाटेल, सोपंय. मलाही वाटलेलं! पण मिठाचे व्यापारी सहदेवशेठ पान जमवत म्हणतात, "गोष्टीत व्यापारी लबाड नको हां, लोक माझ्याकडं बघतात." बरं, नको. तेवढ्यात माजघराच्या दाराआडून राघोपंतांच्या मातोश्री, ठमाबाई, "अरे, सासू दुष्ट नको! आणि एकादशीला गोष्टीत कुणी जेवायचं नाही. आम्ही इथं उपाशी, नि तुझी माणसं पुरणपोळ्या हाणतायत!" तेही नको. मग राघोपंत हळूच माझ्या कानाशी, "आमच्या सूनबाईला, मंदाकिनीला, दिवस गेलेत. ती आतून ऐकते. मरण तिच्या कानावर पडता कामा नये. पडलं तर तुमच्या जागेचं… बघू."

आता मला सांगा, कुणी मेल्याशिवाय मासिक पुस्तकातली गोष्ट संपते कधी? पाच अंक चाळले, निम्मं गाव स्मशानात! शेवटी त्यातल्या त्यात एक निवडली. एकच मरण. म्हटलं, तेवढं वाचताना तोंडातल्या तोंडात बदलू.

रविवारी वाचायला बसलो. छान चाललेलं हो… मरण आलं. "आणि रात्री बाबा…" दाराआड बांगड्या वाजल्या. "…बाबा नाशिकला गेले!" हुश्श. पण पुढचं कुठं बदलून ठेवलेलं? "चौघांनी त्यांना उचललं… म्हणजे चौघं स्टेशनावर पोचवायला गेले." पुढं? "आईनं कुंकू पुसलं… आणि नवीन, मोठं, ठसठशीत लावलं!" पुढं मुलगा डोकं, मिशी भादरून घेतो! सहदेवशेठ ताडकन उठून बसले. "बाप नाशिकला गेला म्हणून पोरगं मिशी का काढतं?" म्हटलं, "उकाडा फार होता." तेराव्याचं जेवण आलं, तर त्या रविवारी नेमकी एकादशी! पानच उलटलं. घरदार ढसाढसा रडतंय, माणूस नाशिकला, गोष्ट समाप्त. निवडा म्हणे गोष्ट!

दुसऱ्या दिवशी कचेरीत राघोपंतांनी आत बोलावलं. म्हटलं, गेली जागा, गोदा राहिली पनवेललाच! तर ते हात चोळत म्हणतात, "अहो, सूनबाईला डोहाळा लागलाय." आता डोहाळा म्हणजे चिंच, आवळा, कैरी… काहीही नको तिला! तिला म्हणे तो नाशिकचा माणूस घरी आलेला ऐकायचाय! गोष्टीतल्या घरात रडारड चाललेली तिला ऐकवत नाही. आणि डोहाळा म्हणजे पुरवायलाच हवा. मी कुठं नाही म्हणतोय? पण मासिकवाल्यानं त्याची जाळून राख केलीय, त्याला मी आणू कुठून?

तरी म्हटलं, स्वतःच लिहू. त्यात काय, नाशिकला आगगाडीत बसवायचा, संध्याकाळी कल्याणात उतरवायचा, बायकोला भेटवायचा, सुटलो! राघोपंतांना सांगितलं, तर केवढ्यानं ओरडले, "गाडीत बसवू नका! तिला आत्ताशी तिसरा महिना लागलाय, तो आजच पोचला तर पुढं सहा महिने ती काय ऐकणार? चालत येऊ द्या! बाळंतपण सुखरूप होऊ दे, मग तो घरी पोचेल, आणि तुमच्या जागेचा हुकूमही त्याच दिवशी."

तेव्हापासून दर रविवारी मी त्याला चालवतोय हो. वाटेत ना लबाड व्यापारी, ना दुष्ट सासू, एकादशीला उपाशी! सध्या इगतपुरीच्या धर्मशाळेत पाय शेकत बसलाय. गोदाचं पत्र येतं, "कधी नेताय?" काय सांगू तिला? मेलेला माणूस तो… झपझप चालणार तरी किती!