अण्णांचा बाक

गड्या, कोयनानगरला मंत्री येणार हे पेपरात यायच्या आधी आमच्या घरात कळायचं. अण्णांनी, म्हंजे माझ्या वडलांनी, धरणग्रस्तांच्या मोर्चात एकदा मंत्र्याला काळं निशाण दाखवलं हुतं. तवापास्नं दौरा लागला की हवालदार दारात. अण्णा डबा घेऊन जायचे आन् मंत्री घाट उतरून जाईस्तवर ठाण्यातल्या बाकावर बसायचे. तासातासाला त्यांचा फोटो वरच्या साहेबाच्या मोबाईलवर जायचा.

परवा हवालदार परत आला. मी म्हनलं, "आवं, अण्णा वारले. आठ महिनं झालं."

त्याला खरंच वाईट वाटलं. टोपी काढून बसला, चहा घेतला. मग त्यानं ठाण्यातल्या साहेबाला फोन लावला, नुसतं ऐकून घेतलं आन् मला म्हनला, "तू चल."

"मी काय केलंय?"

"काय न्हाई केलंस. करू नयेस म्हनून तर न्यायचं."

बायकोनं न सांगता डबा भरला. अण्णांचाच.

अण्णांच्या दहा गुंठ्याला वारस लावायला मी आठ महिनं तलाठ्याकडं हेलपाटे घालतोय, दर खेपेला एक कागद कमीच पडतोय. ठाण्यात साहेबानं एक कागद मागितला न्हाई. यादीत अण्णांच्या नावावर काट मारली, खाली माझं नाव लिवलं. मग पेन तसंच हातात धरून म्हनला, "आन् तुला पोरं किती?"