आजी, बॅगेत खसखस नाही ना?

बसा, बसा सगळे. मला खुर्ची नको, मी उभीच बोलते. शाळा माझी चौथीपर्यंत, भाषण कधी केलेलं नाही, आणि पहिलंच करायचं ते श्रीकांतसाठी... जीभ उचलत नाही बघा. मेधा, तू पाणी पी गं.

श्रीकांत, आपल्या मेधाचा नवरा, इथे शारजात माझ्या लेकीचा शेजारी. पोर्टावर कस्टममधून कंपनीचा माल सोडवायचा. आमच्याकडे जकात नाका म्हणतात ना, तेच. परवा तिथेच छातीत कळ आली आणि खलास. चाळिशीचा पोरगा हो!

नात व्हायची होती तेव्हाची गोष्ट. मी सांगलीत डिंकाचे लाडू वळत बसलेले. फोन वाजला. "आजी, शारजाहून श्रीकांत बोलतोय. बॅगेत खसखस नाही ना?" म्हटलं, ओळख ना पाळख, बाळंतिणीच्या लाडवांची चौकशी करणारा हा कोण? तर म्हणतो, "इथे खसखस म्हणजे अफूच समजतात. नातवंडाआधी पोलिसाचं तोंड बघाल." बोटं मोडत सगळे लाडू आळीत वाटले. इथे उतरले तर हाच दारात. "आजी, आमच्या वाटचा लाडू?" पुन्हा घाट घातला, तेव्हा खोबरं त्यानेच किसलं. नात झाली! काय ते जावळ, काय ते गाल... असो. तिचं काढलं की मी थांबत नाही.

इथे कुणाच्या आईला त्याने असा फोन केला नाही? सांगा ना.

गुरुवारी माल अडकला तर तो जेवायला यायचा नाही. मेधा चिडायची. तो म्हणायचा, "अगं, उद्या शुक्रवार, इथली सुट्टी. माल शेडमध्ये पडून राहील. कुणीतरी वाट बघत असतं."

आज गुरुवार आहे. आणि श्रीकांत शवागारात पडून आहे. व्हिसा रद्द झाल्याशिवाय त्याला विमानात घेत नाहीत, आणि त्यावर कंपनीच्या मालकाची, अरबाबची, सही नाही. मालवणात आई ओट्यावर बसलीय. चूल पेटवलेली नाही. "तोंड तरी दाखवा," एवढंच म्हणते.

मॅनेजरसाहेब, मागच्या रांगेत तुम्हीच ना? मघाशी जिन्यात म्हणालात, "आजी, प्रोसिजर आहे. शनिवारी होईल, इन्शाल्ला." असेल बाबा. पण श्रीकांतने तुमचा एक खोका तरी प्रोसिजर म्हणून शुक्रवारभर पडू दिला का? अरबाबला घरी फोन लावा. सही आज मिळाली तर पुढचं ही पोरं धावून करतील. रागावला तर सांगा, एका म्हातारीने ऐकलं नाही.

उठलात? यल्ला, चला साहेब, फोन बाहेर पॅसेजमध्ये आहे. दार उघडंच राहू दे.

आता आपण सगळे उभे राहू. एक मिनिट नको, दोन मिनिटं नकोत. साहेब आत येईपर्यंत.