पंधरावी काठी

खेळ संपला होता हो! चेंडू शेवटच्या भोकात गेलेला, हस्तांदोलनं झालेली, मी क्लबातल्या अख्ख्या पलटणीला व्हिस्की पाजून बसलेलो... आणि आता म्हणे दंड! जेवून ढेकर दिल्यावर कुणी म्हणतं का, उठा, हे ताट तुमचं नव्हतं?

तुम्हाला सांगतो, तीस वर्षं गोल्फ खेळतोय मी. स्कॉटलंडातल्या समुद्राकाठच्या वाऱ्यात, जिथं टोपी पुढे जाते आणि चेंडू मागे येतो! आमच्या गावच्या चांदीच्या कपावर माझ्या बापाचं नाव आहे, आजोबांचं आहे, टॅव्हिश खाटकाचं तर दोनदा आहे! माझं नाही. आणि यंदा, सगळ्यांपेक्षा तीन फटके कमी मारून मी पहिला! बायको इश्बेल नवी टोपी घालून पुढच्या रांगेत. सेक्रेटरी मर्डो निकाल वाचायला उभा राहिला, मी आपला आधीच उठलो, पाय अडकला आणि माझी बॅग धाडकन आडवी! काठ्या जमिनीभर. त्यातल्या एकीला... कपड्यांचा चिमटा!

इश्बेल केवढ्यानं तरी, "अगंबाई, ही! काल दोरीखाली पडली होती, मीच ठेवली बॅगेत. तुला मेलं काही जागेवर ठेवायला नको!"

आजोबांची जुनी काठी हो! धुण्याच्या दोरीला टेकू देतो आम्ही तिचा!

मर्डो मोजायला लागला. माझीच व्हिस्की हातात धरून! "तेरा... चौदा... अं... पंधरा. डुगल्ड, चौदाच चालतात रे."

म्हटलं, अरे, हात नाही लावला तिला!

"बॅगेत होती ना?"

अरे, पण खेळ संपला होता!

"निकाल कुठं वाचला होता? दर भोकाला दोन, फार तर दोन भोकांचे, म्हणजे चार फटके दंड."

तीन फटक्यांनी जिंकलेला मी एका फटक्यानं हरलो! आणि कप कुणाला? टॅव्हिशला! तिसऱ्यांदा! वर तो माझी पाठ थोपटत म्हणतो, "चिमटा नेऊ का, आठवण म्हणून?"

घरी येईपर्यंत आम्ही बोललो नाही. म्हणजे मी बोलत होतो, ती ऐकत नव्हती. दारात म्हणते, "ती काठी लाव आधी, दोरी लोंबतेय."

"अगं इश्बेल, तीस वर्षांनी हातात आलेला कप गेला माझा! खेळ संपला होता गं!"

"तुझा संपला. माझ्या चादरी ओल्याच आहेत."

गेलो अंगणात. टेकू लावला, दोरी ताणली, चादरी सारख्या केल्या... आणि पाऊस आला.