गाडीखाली काय सापडलं

गॅरेजच्या बाकावर मी माझ्या गाडीची वाट बघत बसलो होतो. समोर लिफ्टवर चढवलेल्या दुसऱ्या गाडीखाली मेकॅनिक टॉर्च घेऊन उभा होता आणि एक बाई त्याच्या मागेमागे फिरत होती.

"ताई, ऑइल गळत नाही, सायलेन्सरही शाबूत आहे. खालचं प्लास्टिकचं कव्हर तेवढं तडकलंय. रस्त्यात पडलेल्या कशावरून तरी गेलीय गाडी."

"कशावरून, ते कळेल?"

"ते कसं कळणार?"

"काही अडकलंय का? केस, रक्त?"

"अरे बापरे! चालवत कोण होतं?"

"बाबा. परवा पहाटे धुक्यात धाडकन आवाज झाला. ते म्हणतात, कुत्रंच होतं. उतरून बघायचा धीर झाला नाही त्यांना. तेव्हापासून अन्नाचा कण पोटात नाही."

"तुम्ही जाऊन बघितलंत?"

"दोनदा. ना दगड, ना कुत्रं. रस्ता स्वच्छ."

"इथंही काही नाही, ताई."

"तो कोपऱ्यातला फाटका टायर कुणाचा?"

"भंगारातला आहे."

"त्याचा वीतभर तुकडा कापून द्याल? गाडीखाली सापडला म्हणून सांगते."

"आणि खरंच कुत्रं असलं तर?"

"तर ते माझ्यापाशी राहू दे. बाबा पंच्याहत्तरीला आलेत."

मेकॅनिकने टॉर्च बंद केला. टायर कापायला त्याला बराच वेळ लागला.

"आणा इकडे."

"थांबा, असा नेऊ नका. सुरीची कड लगेच ओळखू येते. जरा जमिनीवर घासतो, चिखल लावतो. तुमचे बाबा तो हातात घेऊन बघणार."