पनवतीचा शनिवार

मी, एवारिस्तो बाल्दासारे, वय ६१ वर्षे, धंदा – पूर्वी बस स्थानकात तिकीट खिडकीवर, हल्ली गावच्या रेडिओवर फुटबॉलचे अंदाज सांगणे, राहणार रेल्वे फाटकाजवळ, विया काल्देन, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगतो की,

सदर घरी मी आणि माझा मुलगा हेरोनिमो, वय २२, दोघेच राहतो. त्याची आई हयात नाही. हेरोनिमो गावच्या देपोर्तिवो काल्देन क्लबात डावा बचावपटू आहे. क्लब दुसऱ्या डिव्हिजनमध्ये खेळतो आणि यंदा तिथूनही खाली घसरायच्या बेतात होता. दोन वर्षे हेरोनिमो बाकावरच बसून होता. आज शनिवारी त्याला प्रथमच सुरुवातीपासून उतरवणार होते.

दर गुरुवारी मी रेडिओवर शनिवारच्या सामन्याचा अंदाज सांगतो. लोक तो ऐकून मोबाईलवर पैज लावतात. मी उगाच हवेत बाण मारत नाही. कोण जखमी, कोणाला पिवळी कार्डे, मैदान ओले की कोरडे, आणि मुख्य म्हणजे पाहुणा संघ किती लांबून बसने येतो, हे बघून बोलतो. यंदा मात्र आमच्या क्लबाबद्दलचे माझे अंदाज ओळीने चुकले. मी जिंकणार म्हटले की क्लब हरायचा. तेव्हापासून गावाने मला पनवती ठरवले. आमच्याकडे पनवतीचे नाव कोणी तोंडाने घेत नाही. चुकून घेतलेच तर अपशकुन टळावा म्हणून पुरुषमाणसे चारचौघांत स्वतःच्या नको तिथे हात लावतात. मी ते हसण्यावारी नेले. मनाला लागत नव्हते असे नाही.

परवा गुरुवारी पाठीराख्यांचा म्होरक्या सोसा, ज्याला सगळे फेंगड्या म्हणतात, मला रेडिओच्या दारात भेटला. त्याने शिवी दिली नाही की धमकी दिली नाही. उलट माझ्यासाठी गरम एम्पानादा, म्हणजे खिम्याच्या करंज्या, आणल्या होत्या. त्या हातात न देता कट्ट्यावर ठेवल्या आणि दोन हात लांब उभा राहिला. म्हणाला, "काका, आज रेडिओवर पाहुणे जिंकणार म्हणून सांगा. तुमचं काय जातंय? पोराचं भलं होईल." मी म्हणालो, मला दिसते तेच मी बोलतो. पाहुणे उत्तरेकडून रात्रभर बसमध्ये आखडून येणार, त्यांचा मुख्य बचावपटू निलंबित, आमचे मैदान दगडासारखे. मी रेडिओवर सांगितले की काल्देन एक-शून्यने जिंकेल. पोरगा उतरतोय म्हणून नव्हे. तो नसता तरी हेच सांगितले असते.

आज दुपारी इस्त्रीचा शर्ट घालून निघालो तर दोन्ही दारांना बाहेरून कुलूप. खिडक्यांना गज आहेत. मुलाने मला घरात कोंडून ठेवले. मी हाका मारल्या तेव्हा तो दाराबाहेरच होता. म्हणाला, "बाबा, आजचा एकच दिवस. मैदानावर येऊ नका, हात जोडतो."

मी विचारले, "हे तुला सोसाने सांगितलं का?"

तो म्हणाला, "नाही. मलाच भीती वाटते."

एवढे बोलून तो गेला.

मी दार ठोठावत राहिलो, पण सगळे गाव मैदानावर, ऐकणार कोण? सामना रेडिओवर ऐकला. क्लब एक-शून्यने जिंकला, गोल हेरोनिमोच्या पासवर झाला. म्हणजे अंदाज खरा ठरला. गावात मात्र म्हणतील, म्हातारा घरी होता म्हणून जिंकलो. मी तसे मानत नाही. पण गोल झाल्यापासून शिट्टी वाजेपर्यंत मी दाराला हात लावला नाही, जागचा हललोही नाही, हेही खरे आहे.

सामन्यानंतर शेजारच्या नोर्माबाईंनी मला खिडकीत पाहून पोलिसांना फोन केला. मी सांगितले नव्हते. पोलिसांनी कुलूप तोडले तेव्हा पोरे हेरोनिमोला खांद्यावर घेऊन चौकात नाचत होती.

मला तक्रार द्यायची आहे का, असे विचारण्यात आले. द्यायची नाही. दिली तर क्लब त्याला काढील, आणि गाव म्हणेल पनवतीने पोटच्या पोरालाही सोडले नाही. त्याचा पहिला सामना मला बघायचा होता, तो बघता आला नाही. मी त्याला तिथे नको होतो, याचे मला फार वाईट वाटते. हे कोणत्या कलमात बसते ते मला माहीत नाही.

हवालदारांनी हे सर्व मला मोठ्याने वाचून दाखवले. मी बोललो तसेच उतरले आहे. फक्त 'मुलाने मला घरात कोंडून ठेवले' हे वाक्य खोडून तिथे 'मी आपणहून घरी थांबलो' असे लिहावे. तशी दुरुस्ती करून पुन्हा वाचून दाखवले. आता बरोबर आहे.